मुरूम लागेपर्यंत

सरांच्या शोकसभेत जो उठला त्याने ते मृदुभाषी होते असं सांगितलं. व्यासपीठामागचा फोटो मी एकदा नीट पाहून घेतला. फोटो त्यांचाच होता. अकोल्यात उभी हयात घरांचे पाये घालण्यात घालवलेला हा इंजिनिअर कधी हळू बोलला असेल तर तो घसा बसला म्हणूनच.

अमरावतीहून पदवी घेऊन मी त्यांच्याकडे कामाला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली, "ऐकून राहिली काय? हे पोट्टी सँडल घालून आली. हिले तुह्या जुन्या चपला दे." काकूंनी चपला दिल्या. वर, "ह्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको, मीबी देत नाही," हेही दिलं.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. माणसं नेमकी तेव्हाच प्लॉट पाहतात, कारण अक्षय तृतीयेचा मुहूर्त असतो. टाच आपटून म्हणतात, जमीन लोखंड आहे. पावसाळ्यात तेच लोखंड भिजत घातलेल्या डाळीसारखं फुगतं आणि दिवाळीपर्यंत भिंतीला हात जाईल एवढा तडा पडतो. उपाय एकच: काळी माती संपून खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदायचं. तो कोणाला आवडत नाही. पाहुण्यांना टाइल्स दाखवता येतात, पाया दाखवता येत नाही.

"मुहूर्त तुमाले समजते, मातीले समजत नाही," सर मालकाला म्हणायचे. एवढ्याने तो ऐकत नसे. मग सर अर्धवट खणलेल्या खड्ड्यात बादल्या भरून पाणी ओतायला लावायचे आणि मालकाला चहाला न्यायचे. चहा संथपणे प्यायचा. परत आल्यावर म्हणायचे, "आता उतरा खाली." मालक उतरायचा. पाय वर यायचा, बूट खालीच राहायचा. "याच्यावर दोन मजले उभे करून राहिले काय साहेब?" काही मालक शहाणे व्हायचे, काही दुसरा इंजिनिअर शोधायचे. दुसऱ्यांचं सरांना काडीचं दुःख नसे.

पुढे मी अमरावतीत स्वतःचं ऑफिस थाटलं. आता गिऱ्हाइकं म्हणतात, मॅडम फार तोडून बोलतात. मी काय करू? मी शिकले कुठे ते पाहा.

त्या शोकसभेतच ठरलं की सरांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या नावाने अभ्यासिका बांधायची. स्पर्धा परीक्षांची पोरं तशीही त्यांच्या ओसरीत पसरलेली असत. वर्गणी जमली, नकाशा आणि देखरेख फुकट माझ्या गळ्यात पडली. समितीचे अध्यक्ष म्हणजे सरांचे जुने गिऱ्हाईक, एक हार्डवेअरवाले. काकूंचं म्हणणं एवढंच होतं की ऑगस्टमधल्या पहिल्या स्मृतिदिनाला दार उघडावं. त्यानंतर मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. "तेवढं डोळ्यानं पाहू दे, मग मी सुटली," त्या म्हणाल्या.

मी मे महिन्यात पोहोचले तेव्हा कमरेएवढे खड्डे खणून झाले होते आणि अध्यक्ष काँक्रीटची तयारी करून बसले होते.

"एवढ्यात कसं भरता? मुरूम कुठे आहे?"

"मॅडम, एक खोली हाय, ताजमहाल नाही. अन् जमीन पहा ना, पहार टणटण वाजून राहिली!"

मी नळाला पाइप लावून पाणी सोडलं. काकूंनी चहा टाकला. चहा झाल्यावर मी खड्ड्याकडे बोट केलं.

"मले माहीत हाय वो हे नाटक," अध्यक्ष म्हणाले. "माह्या घराच्या टायमाले तुमच्या सरानं माहा लग्नातला बूट खाल्ला."

"मग या वेळी काढून उतरा."

बिचारे खरंच बूट काढून उतरले आणि घोट्याच्या वर रुतले. तिथूनच, खड्ड्याच्या काठाला धरून, वाद घालायला लागले. "पण तारखेचं काय? बाई पुण्याले चालली."

"सरांच्या नावाच्या खोलीला तडा गेला तर अख्खं अकोला हसेल. मला नाही, त्यांना."

काकू ऐकत होत्या. "म्हणजे माह्या जाण्याआधी होत नाही?"

"नाही," मी म्हणाले. गोड करून सांगायला मला कोणी शिकवलं नाही. त्यांनी कपबश्या उचलल्या आणि आत गेल्या. अमरावतीला परतताना वाटेत मूर्तिजापूरला मी गाडी बाजूला घेतली, काकूंना फोन करावा म्हणून. पण बोलणार काय? मुरूम वर सरकवता येत नव्हता. गाडी पुन्हा रस्त्याला लावली.

मुरूम आमच्या अंदाजाच्या दुप्पट खोल निघाला. वर्गणीचा बहुतेक भाग जमिनीत गेला. जूनमध्ये खड्डे तुडुंब भरले, पंप लावले, कडा ढासळल्या, पुन्हा खणलं. मजूर सांगायचे की काकू रोज खुर्ची टाकून बसतात आणि सरांपेक्षा जास्त बोलतात.

ऑगस्टपर्यंत उभं राहिलं ते फक्त जोतं. भिंत नाही, दार नाही. स्मृतिदिन त्या जोत्यावरच केला. वर मंडप, खाली सतरंज्या. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, पोरं जोत्याच्या कडेला पाय सोडून बसली. जेवणं उरकल्यावर मुलगा माझ्याकडे आला. शहाणा, नीटनेटका मुलगा. म्हणाला, "ताई, बाकीचं तुम्ही बघालच. आईला मी उद्या नेतो."

मी काही बोलण्याआधी काकू मध्ये पडल्या. "उद्या कशी येऊ? काम अर्धं टाकून? तुह्या बापानं कधी अर्धं टाकलं काय? छत पडल्याबिगर मी हालत नाही."

"आई, छताला वर्ष लागेल."

"लागू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जोत्याकडे पाहिलं. तो मंडपवाल्याचा हिशेब करायला गेला तशा काकू खुर्ची ओढून माझ्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "भिंतीची काही घाई करू नको वं."