मुखपृष्ठावर एकच चेहरा

लातूरला मी एका संगीत मासिकात काम करते. आमचे संपादक कॉलेजात गाणं शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना सर म्हणतो. आपला वाचक कोण, हे सरांना पक्कं ठाऊक आहे. तो बँकेतून नाहीतर कॉलेजातून निवृत्त झालेला असतो. मैफलीत तिसऱ्या रांगेत बसतो, कारण पहिल्या रांगेत पुढारी असतात आणि दुसऱ्या रांगेत पुढाऱ्यांची माणसं. सम आली की तो मान हलवतो, पण शेजाऱ्याचं लक्ष जाईल इतकी नाही. सरांनी हा वाचक इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईनं रंगवून सांगितलाय की तो हुबेहूब सरांसारखा झालाय. हे ऑफिसात सगळ्यांना दिसतं, सरांना सोडून.

मासिकात पैसा मात्र दुसऱ्याच माणसाचा आहे. मालकांचं वाद्यांचं दुकान आहे. सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून ते गल्ल्यावर बसतात आणि पेट्या, ढोलक्या, टाळ विकतात. त्यांचा वाचक म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक. "अंक वाचायला कोण घेतंय ओ?" ते म्हणतात. "आपण त्याच्यात हाय का न्हाई, ते बघायला घेतेत लोक." सरांच्या मते मालकांना गाण्यातलं काही कळत नाही. मालकांच्या मते सरांना धंद्यातलं काही कळत नाही. दोघांचंही म्हणणं बरोबर असल्यामुळे मासिक चालू राहिलं.

या दोन वाचकांना एका अंकात नांदवायचं, हे माझं काम. गाण्याच्या परीक्षा देणाऱ्या मुलींसाठी शेवटची पानं असतात; त्या ती फाडून घेतात आणि बाकीचा अंक भावाच्या हवाली करतात. बायकांच्या भजनी मंडळांसाठी मधलं पान असतं, आणि ते मधलंच असावं लागतं. दोन्ही हातांत टाळ असले की पान धरायला हात उरत नाही. मधलं पान मांडीवर आपोआप उघडं राहतं. ही गोष्ट मला देवणीच्या एका मंडळानं शिकवली. तिथल्या आजी म्हणाल्या होत्या, "अक्षर मोठं करा की बाई. तुमचं छापलेलं वाचायचं का ठेका धरायचा?" आम्ही अक्षर मोठं केलं. सरांना ते पान बालवाडीच्या पुस्तकासारखं दिसतं, पण त्या पानासाठी देवणीत अंक जातो म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं करून मान्य केलं.

मुखपृष्ठ मात्र सरांचं. तिथं मालकही बोलत नाहीत. मुखपृष्ठावर एकच चेहरा, नजर थोडी वर, एक हात हवेत, मागे काळोख. तंबोरेवाले त्या काळोखात गेले तर जाऊ द्यायचे. स्टॉलसमोर माणूस क्षणभर थांबतो, तेवढ्यात त्याच्याशी एकानंच बोलावं, चारचौघांनी गलका करू नये, असा सरांचा नियम. मला तो पटलेला होता. खरं सांगायचं तर धंदा म्हणून तो मला अजूनही पटतो.

माझं माहेर नांदेडचं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर आणि नंतरही ते एका गायन पार्टीत कोरसला आहेत. भीमजयंतीच्या महिन्यात आणि पुढे पावसाळ्यापर्यंत ही पार्टी गावोगाव गाते. विहारासमोर, चौकात, कुणाच्या वास्तूला, कुणाच्या पुण्यस्मरणाला. पत्रिकेवर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'आणि पार्टी'. माझे बाबा जन्मभर त्या 'आणि पार्टी'त राहिले. गायकानं ओळ टाकायची, यांनी ती उचलायची आणि टाळी द्यायची. शिवाय वेळेवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे. रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो, म्हणून ते घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून घालतात. टाळीला हात उघडला की वेळ दिसते, कुणाला कळतही नाही.

मी घरी गेले की नवा अंक नेऊन द्यायची. बाबा हात पुसून तो घ्यायचे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पानं उलटायचे आणि म्हणायचे, "कागद चांगला हाय. लई गुळगुळीत." मग अंक टीव्हीच्या वर जायचा आणि पुढचा येईपर्यंत तिथंच पडून राहायचा. मी जे करते ते त्यांच्यासाठी नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला ते लागायचं. महिनाभर मान मोडून एक वस्तू तयार करायची आणि आपल्याच घरात तिचा उपयोग टीव्हीवरची धूळ झाकायला व्हायचा.

म्हणून त्या वर्षी जयंतीच्या अंकात गायन पार्ट्यांवर लेख घ्यायचं ठरलं तेव्हा मी तो मागून घेतला. ठरवलं होतं मालकांनी. "एप्रिलला ढोलक्या जातेत," एवढंच त्यांचं कारण. सरांनीही फार ताणलं नाही. आपण मन मोठं केलं असं त्यांना वाटत होतं, आणि तसं ते वाटू द्यावं लागलं. मुखपृष्ठावर बाबांची पार्टी घ्यायला ते कबूल झाले.

विहाराच्या ओट्यावर फोटो काढला. गायककाका मध्ये पेटी घेऊन, दोन्ही बाजूंना ढोलकी आणि बेंजो, मागे-पुढे कोरस. सगळे पांढऱ्या शर्टात. बाबांनी इस्त्री केलेला शर्ट परत इस्त्री केला होता. ते डाव्या कडेला बसले, दोन्ही हात टाळीसाठी उघडे. त्या दिवसापासून महिनाभर त्यांनी गल्लीत, चहाच्या हॉटेलात, जुन्या ऑफिसात कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. धर्माबादच्या आत्याला तर तीनदा फोन झाला. बाबांनी स्वतःबद्दल एवढं बोललेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. माणूस किती वर्षं थांबला होता, ते मला तेव्हा कळलं.

या पार्टीची एक रीत आहे. गाणं सुरू करण्याआधी गायककाका सगळ्यांची ओळख करून देतात, आणि सुरुवात कोरसपासून करतात. आधी कोरसचा एकेक जण, मग ढोलकी, बेंजो, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः. कुणी आलेला नसला तरी त्याचं नाव घेतात आणि का आला नाही तेही सांगतात, मग बायकोशी भांडण का असेना. लोक हसतात, पण हे झाल्याशिवाय पेटीचा भाता हलत नाही.

मी लेखात नावं त्याच क्रमानं लिहिली होती. सरांनी पेन्सिल घेऊन ती शेवटी नेली, बारीक अक्षरात, 'साथसंगत' म्हणून. त्यांच्या गाण्यात तसंच असतं. मी वाद घातला, हरले. निदान मुखपृष्ठ आहे, असं मनाला सांगितलं.

अंकांचे गठ्ठे आले ते मालकांच्या दुकानात. मी सुतळी सोडली आणि वरचा अंक हातात घेतला. गायककाका, एकटे. नजर थोडी वर. मागे काळोख. ढोलकी, बेंजो, कोरस, ओटा, सगळं कापलेलं. फक्त डाव्या कडेला, अंधारातून आत आलेला एक उघडा हात राहिला होता आणि त्याच्या मनगटाच्या आत घड्याळाची तबकडी. आत पूर्ण फोटो असेल म्हणून पानं उलटली, तर तिथं ढोलक्यांच्या सवलतीची जाहिरात होती.

"हात चांगला आलाय, नाही?" सर म्हणाले. "रचनेला तोल येतो."

सरांच्या मनात खोट नव्हती. तीच तर पंचाईत होती. वाईट माणसावर रागावता येतं. नियम पाळणाऱ्या भल्या माणसावर रागावलं की आपणच आक्रस्ताळे दिसतो. मी तरीही रागावले. मग दुसऱ्या दिवशी बॅग घेतली आणि नांदेडची एसटी पकडली.

घरी पोचले तर अंक माझ्याआधी पोचला होता. गायककाकांनी पार्टीसाठी मागवलेला गठ्ठा दुकानातून आदल्या रात्रीच आला होता आणि बाबांनी त्यातला एक आणला होता. आई दारातच म्हणाली, "सकाळपासून बोलले न्हाईत." बाबा खुर्चीत होते. अंक मांडीवर. मी शेजारी बसले. त्यांनी कडेवर बोट ठेवलं.

"हा हात माझा हाय, माय."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम.

तेवढ्यात धर्माबादहून आत्याचा फोन. मुखपृष्ठाचा फोटो मोबाइलवर तिच्यापर्यंत गेला होता. ती बोलली ते मलाही ऐकू आलं, आमची आत्या फोनवर नाही, थेट धर्माबादहून बोलते. "दादा, तू कुठं हायस रं?"

"डाव्या कडंला बघ," बाबा म्हणाले. "घड्याळ दिसून राहिलं का? आत वळिवलेलं? तो मी. आता त्याच्या बाजूला कोण होतं, ते सांगतो." आणि ते सांगत बसले. आत्या मध्ये मध्ये हूं हूं करत होती. चहा निवला तरी फोन चालूच.

संध्याकाळी गायककाका आले. जयभीम घालून त्यांनी उरलेला गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. स्वतःचा चेहरा मुखपृष्ठावर असलेला माणूस, पण बसले नाहीत. "हे परत न्या, बाई. तुमच्यावर राग न्हाई. पण ह्याच्यात पार्टी कुठं हाय? मी एकटाच गाऊन राहिलो का?"

"माझा एक मी ठिवून घेतलाय," बाबा म्हणाले.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असावं, हा आपल्यातून फुटला.

गठ्ठा परत गेल्यावर मालक जागे झाले. पुढच्या अंकात मधल्या पानावर पार्टीचा पूर्ण फोटो आला, खाली नावं, कोरस आधी. सरांनी या वेळी पेन्सिल उचलली नाही. तो अंक घरोघर गेला. कुणी मावशीसाठी घेतला, कुणी पुण्याला मुलाकडे पाठवला. मालक खूश. "मी काय म्हणून राहिलो होतो?" असं ते महिनाभर म्हणत होते, आणि मलाही ते मान्य होतं. आपला वाचक कोण, याचं उत्तर सापडलं असं मी धरून चालले.

हा अंकही मी बाबांना नेऊन दिला. त्यांनी बघितलं. डाव्या कडेला ते होते, पूर्ण, चेहऱ्यासकट, शर्टाच्या इस्त्रीसकट. "आलो की समदे," म्हणाले आणि अंक टीव्हीच्या वर ठेवला. पुढच्या खेपेला गेले तेव्हा भिंतीवर चौकट होती. चौकटीत होतं ते पहिलं मुखपृष्ठ. काका, काळोख आणि हात.

मी चिडले. एवढं भांडून पूर्ण फोटो छापून आणला आणि हे काय?

"त्याच्यात मी दिसतोच की," बाबा म्हणाले. "लोक बघतेत अन् पान उलटतेत. ह्याच्यात इचारावं लागतंय."

आता पाहुणा आला की बाबा त्याला समोरच्या खुर्चीत बसवतात, म्हणजे नजर चौकटीवर जाईल. मग गप्प राहतात. पाहुण्यानं विचारायच्या आधी आई सांगायला गेली तर तिच्यावर डोळे वटारतात.

गेल्या हिवाळ्यात सर एका संगीत संमेलनाला नांदेडला आले आणि माझ्या आग्रहानं आमच्या घरी चहाला. बाबांनी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं. सरांनी चौकट पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, आमचं मुखपृष्ठ! छान आलं होतं." पुढे ते संमेलनाबद्दल बोलू लागले. हाताचं काही नाही. बाबा ऐकत होते. चहा आला. मी वाट बघून थकले, स्वतःच सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्याकडेही डोळे वटारले. मग त्यांनी कप उचलून सरांपुढे धरला.

मनगट वर झालं. तबकडी सरांच्या डोळ्यांसमोर आली.

सर घड्याळाकडे पाहत राहिले, मग चौकटीकडे. कप त्यांनी घेतलाच नाही. "हा हात... तुमचा?"

बाबा उठले. एवढ्या आनंदात मी त्यांना पाहिलेलं नाही. भिंतीजवळ जाऊन त्यांनी काचेवर बोट ठेवलं, पण हातावर नाही. बोट चौकटीच्या लाकडावरून पलीकडे सरकलं, कोऱ्या भिंतीवर आलं. इथं अमका बसला होता, त्याचा आवाज लई बारीक, पण वरच्या पट्टीत तोच लागायचा. त्याच्या मागं अमका, तो आता दुबईला हाय. इकडं बेंजो. तिकडं ढोलकी. एकेक नाव घेत बाबा भिंतीवर जागा दाखवत होते, कोरस आधी, स्वतःला शेवटी ठेवून.

सर खुर्चीतून उठले, चष्मा नीट केला आणि भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. "आणि इथं?" त्यांनी विचारलं.