वास्त्यांचा पहिला तुकडा

कॉलेजात जाणारा नातू सांगतो, बांबूच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं काहीतरी असतं. मी हो म्हणते. आमच्या शेणवे गावाकडे त्या कोंबांना वास्ते म्हणत, आणि एकोणीसशे साठच्या आसपास आमच्या घरी पावसाळ्यातली भाजी म्हणजे तीच. कच्चा वास्ता कडू आणि विषारी, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून चिरून रात्रभर भिजत घालायचे, पाणी परसात ओतायचं, मग झाकण न ठेवता उकळायचे आणि तेही पाणी फेकायचं. एवढं करूनही आमच्या घरची रीत अशी, की पहिला तुकडा रांधणारीने खायचा. बाकीच्यांनी ताटं पुढ्यात घेऊन तिच्या तोंडाकडे बघत बसायचं.

भातलावणीचे दिवस होते. आई सकाळपासून चिखलात वाकलेली. दुपारी सगळ्यांच्या आधी घरी येऊन ओल्या लाकडांशी भांडत तिने चूल पेटवली होती. आम्ही आलो, बसलो. आईने तुकडा तोंडात टाकला, चावला, कुडाच्या भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मान एका बाजूला कलली. आता मीही बसल्या जागी अशीच कलते, पण आमच्या घरात कोणी घाबरत नाही.

बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, हळूच म्हणाली, "वास्ता लागला रे तिला."

बाबांनी आईला हलवलं. ती हूं की चूं करेना. आणखी कोणी खायला नको म्हणून त्यांनी टोप उचलला आणि भर पावसात उकिरड्यावर पालथा केला. आत्या आईच्या तोंडात मिठाचं पाणी घालू लागली. मी भोकाड पसरलं. आईसाठी की टोपासाठी, ते आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. भूक फार लागली होती.

मिठाच्या पाण्याने आईला ठसका लागला. तिने डोळे उघडून आधी आत्याकडे, मग रिकाम्या चुलीकडे बघितलं.

"टोप कुठं हाय?"

बाबांनी दाराबाहेर बोट दाखवलं.

"कडू नव्हता," आई म्हणाली. "जरा डोळा लागला."

आत्याने भातावर मीठ-मिरची वाढली. आई जेवलीच नाही. तिथेच कुडाला टेकून पुन्हा झोपली. अर्धं शेत लावायचं राहिलं होतं. बाबांनी वाकून तिचा श्वास बघितला, थोड्या वेळाने पुन्हा बघितला, आणि इरलं डोक्यावर घेऊन तिला न उठवता निघून गेले.