सदू फर्स्ट शिफ्टला

माझ्या सासऱ्यांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्याही घरची माणसं त्याला कंटाळलेली असणार. डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते आयुष्यभर लेबर ऑफिसर होते. म्हणजे युनियन एका बाजूला आरडाओरडा करते, मॅनेजमेंट दुसऱ्या बाजूला तोंड फुगवून बसते आणि मधे बसून दोघांनाही चहा पाजणारा जो माणूस असतो, तो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी मधे बसायची सवय काही सुटली नाही. लग्नानंतर माझं आणि बायकोचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं तेव्हा ती तणतणत माहेरी ठाकुर्लीला गेली. मी घाबरत घाबरत मागोमाग गेलो, तर ह्यांनी पोटच्या मुलीला आणि मला टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं, मधली खुर्ची स्वतः घेतली आणि म्हणाले, "आधी दोघांनी पाणी प्या. मग एकेकाने बोला. जावईबापू, तुम्ही पाहुणे म्हणून तुम्हाला पहिली संधी मिळणार नाही." अहो, मुलीची बाजू घेणारा सासरा परवडला! निदान माणसाला मनसोक्त चिडता तरी येतं.

सासूबाई गेल्या आणि त्या घरात मधे बसण्याजोगं काही उरलं नाही. कुकरमधला भात कुकरमधूनच खायचा, टीव्ही लावायचा आणि आवाज बंद ठेवायचा, असं त्यांचं चाललेलं. ते बघवेना म्हणून माझ्या बायकोने कल्याणहून एक कॉकटेल आणून दिला. कॉकटेल म्हणजे राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा आणि गालांवर नारिंगी टिकल्या असलेला परदेशी पोपट. दिसायला नुकताच रडून आल्यासारखा, आणि स्वभावाने त्याहून गरीब. त्याचं नाव सदू. सदू सासऱ्यांच्या चष्म्याच्या दांडीवर बसायचा आणि पेपर वाचून होईपर्यंत तिथून हलायचा नाही. दोघांचं उत्तम जमलं होतं. घरात कसलाच तंटा नव्हता, त्यामुळे सासरे जरा सुकल्यासारखे दिसायचे.

अशात त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आक्कांची, बाळकुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आक्कांना मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत त्या भावाकडे राहायला आल्या, आणि येताना दोन बॅगा, एक पुरणयंत्र आणि ठकीला घेऊन आल्या. ठकी ही लव्हबर्ड जातीची. आकाराने मुठीएवढी, हिरवीगार, तोंडाला गुलाबी पावडर फासल्यासारखी. ह्या पक्ष्याचं नाव ज्याने ठेवलं त्याला तो एकदाही चावलेला नसणार, एवढं मी खात्रीने सांगतो. ठकीने आल्या आल्या सदूकडे एक नजर टाकली आणि अशी किंचाळली की सदूचा तुरा सरळ उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत खाली आला नाही.

आक्का स्वच्छ बोलणाऱ्या. चहाचा कप हातात घेण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, "हे बघ, माझ्या ठकीमुळे तुझ्या घरात कटकट व्हायला लागली तर मी राहायची नाही हो. पुण्याला पुतणीकडे जाईन. ती केव्हाची बोलावतेय."

"कटकट होणारच नाही," सासरे म्हणाले. त्या दिवशी टेबलावर दोन ताटं मांडली होती आणि आक्कांनी चिंचगुळाची आमटी केलेली. सासऱ्यांनी तीन वेळा भात घेतला. मी घरून जेवून गेलो होतो आणि समोरच बसलो होतो. आक्का पुण्याला जाता कामा नयेत, हे त्या तिसऱ्या भाताच्या वेळीच त्यांनी ठरवलं असावं.

मग सुरू झाल्या वाटाघाटी. दोन पिंजरे हॉलच्या दोन टोकांना. रोज ते थोडे थोडे जवळ आणायचे आणि फरशीवर खडूने खुणा करायच्या. ती खडूची रेघ कुणी पायाने पुसली तर सासरे ओरडत नसत, नुसते हताश होऊन बघत, आणि ते जास्त लागायचं. दूधवाला, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळे रेघ ओलांडून उड्या मारत आत यायचे. त्यात समानतेचं खूळ. सदूला जसा झोपाळा तसाच ठकीला, आणि दोन्ही एकाच उंचीवर. टेप लावून मोजलेले! सदूला काकडीची एक चकती दिली की ठकीलाही एकच, आणि तीही त्याच काकडीची. ठकी चकती फेकून द्यायची. मग सदूचीही काढून घ्यायचे. सदू बिचारा रिकाम्या वाटीकडे बघत बसायचा. मी एकदा म्हटलं, "बाबा, ह्याने काय पाप केलंय?" तर म्हणाले, "पाप कुणीच केलेलं नाही. म्हणूनच दोघांना सारखं वागवायचं."

मलाही सोडलं नाही. रविवारी मी भाजी घेऊन त्यांच्याकडे जायचो, तर म्हणे, "जावईबापू, बसा मधे. तुम्ही त्रयस्थ." दोन्ही पिंजरे उघडे आणि मधल्या स्टुलावर मी, हात मांडीवर ठेवून. सदू माझ्याकडे बघायचाही नाही. ठकी मात्र थेट खांद्यावर यायची, मानेचा अंदाज घ्यायची आणि मग शर्टाची बटणं कुरतडायला लागायची. आधी कॉलरचं, मग त्याखालचं. "हलू नका, ती विश्वास टाकतेय," असं सासरे दारातून कुजबुजायचे. विश्वास! माझे तीन चांगले शर्ट गेले त्या विश्वासापायी. शिवाय ठकीला एक नाद होता. पेपरच्या अगदी एकसारख्या बारीक पट्ट्या कापायच्या, शेपटीजवळच्या पिसांत खोचायच्या आणि तो पिसारा मिरवत घरभर फिरायचं. सासऱ्यांचा पेपर त्यांच्या आधी तिच्या हाती जायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी दिसली. पण लगेच स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "नवीन जागा आहे. असुरक्षित वाटत असेल तिला."

आणि मग त्यांनी स्नेहभोजन ठेवलं. कंपनीत कितीही ताणलं तरी शेवटी युनियन आणि मॅनेजमेंट एका पंगतीला बसवायचे आणि श्रीखंड वाढायचं, की निम्मा राग जातो, हा त्यांचा सगळ्यात जुना हुकमी उपाय. इथे श्रीखंडाच्या जागी राळ्याचं कणीस. एकच ताटली, एकच कणीस, दोन्ही पक्षी टेबलावर. मी म्हटलं, "बाबा, दोन ताटल्या ठेवू या." ते म्हणाले, "मग ते स्नेहभोजन कसलं?" सदूने एक दाणा उचलला. ठकीने कणसाकडे ढुंकून पाहिलं नाही, वाकून सदूच्या पायाचं बोट धरलं. पुढचं सगळं फार पटकन झालं. किंकाळी, पिसं, टेबलक्लॉथवर रक्ताचे थेंब, आणि सासऱ्यांच्या हातात थरथरणारा सदू. त्यांनी बोटाला हळद दाबून धरली. आक्का उठल्या, आत गेल्या आणि आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

त्या आवाजाने हा माणूस असा घाबरलेला मी तेव्हाच पाहिला. सदूला कल्याणच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं, बोट वाचलं. पण घरी आल्यावर सासरे नुसते खुर्चीत बसून राहिले. शेवटी आक्काच बाहेर आल्या. घडी घातलेलं लुगडं हातात तसंच होतं. म्हणाल्या, "काय रे, तुझ्या कंपनीत सगळे कामगार एकदम आत घ्यायचा काय तू?"

"नाही. शिफ्ट असायच्या."

"मग?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे मला सुचायला हवं होतं," म्हणाले. आक्का लुगडं घेऊन परत आत गेल्या आणि ह्या वेळी कपाटाचं दार वाजलं.

त्या दिवसापासून ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्या कंपनीच्या वेळापत्रकावर चालायला लागल्या. सदू फर्स्ट शिफ्टला, ठकी सेकंडला. एक बाहेर असला की दुसऱ्याचा पिंजरा आतल्या खोलीत, वरून चादर. शिफ्ट बदलताना सासरे तोंडाने कंपनीचा भोंगा वाजवायचे. तो सदूने उचलला. झालं! सदूला वाटेल तेव्हा तो भोंगा देऊ लागला आणि आम्ही सगळे वेळी-अवेळी पिंजरे इकडचे तिकडे हलवायला लागलो. एकदा जेवताना भोंगा झाला आणि मी हातातला घास टाकून उठलो. आक्का हसून हसून खोकायला लागल्या. सदू-ठकीची मैत्री म्हणाल तर अजिबात झाली नाही. एकमेकांचं तोंड न बघता दोघे एका घरात सुखाने राहिले. बहीणभाऊ मात्र रोज दुपारी शिफ्ट बदलली की चहा घेत बसायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक, पण सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज चालू केला होता.

बिल्डर लोक कधीच वेळेवर जागा देत नाहीत, असं आपण सगळे म्हणतो. आक्कांच्या बिल्डरने दिली. जागा बघायला आम्ही तिघं बाळकुमला गेलो. सासऱ्यांनी दारापासूनच खोट काढायला सुरुवात केली. किचनमधून वारा फार येतो, ठकीला बाधेल. समोरच्या टाकीवर घार बसलेली दिसतेय. लिफ्टचा आवाज. रंगाचा वास. हॉलमधे पिंजऱ्याला कोपराच नाही. मी उगीच "हो ना, हो ना" करत मागे फिरत होतो. आक्का ओट्याला टेकून सगळं ऐकून घेत होत्या.

"ठकीचं झालं सांगून?" त्यांनी विचारलं. "आता तुझं सांग."

दुसऱ्यांची भांडणं मिटवण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला स्वतःसाठी काही मागायची वेळ बहुधा कधी आलीच नसावी. ते खिशातून रुमाल काढून उगाच हात पुसत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "राहा ना गं तिकडेच. मला करमत नाही."

आक्कांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "मला ठाऊक आहे रे. पण आधी मामंजींचं घर होतं, मग ह्यांचं. दारावर एकट्या माझ्या नावाची पाटी आयुष्यात पहिल्यांदा लागतेय. थोडे दिवस तरी मला तिच्याखालून आतबाहेर करू दे."

सासऱ्यांनी रुमालाची घडी घातली आणि तो खिशात ठेवला. मला वाटलं, आता कंपनीतला एखादा ठेवणीतला उपाय निघेल, निदान मुदत तरी मागतील. ह्या माणसाने एकदा तरी, फक्त एकदा, स्वतःची बाजू घ्यावी असं मला फार वाटलं.

"रास्त मागणी आहे," ते म्हणाले. आणि बॅगेतून टेप काढून ठकीच्या झोपाळ्यासाठी खिडकीची उंची मोजायला लागले.