पहिल्या पंगतीचे नाना

वायफाय जोडायचं म्हटलं की आधी नानांचं तोंड बघावं लागे. बोरीवलीत नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून आमची सोसायटी. घरात मोबाइलला रेंज नावालाही नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच मोठं वायफाय घेतलं आणि ते सेक्रेटरी नानांच्या हाती पडलं. कंपनीचा माणूस म्हणाला, सुरुवातीच्या पानावर सोसायटीचं चिन्ह टाका. नानांनी स्वतःचा फोटो टाकला. भगवा फेटा, जोडलेले हात, खाली ‘आपला नम्र’. दर पाडव्याला फेट्याचा रंग बदलायचा.

कोणाला आधी वेग द्यायचा, तेही ठरवायचं होतं. व्हिडिओ कॉल आधी, सिनेमे नंतर, असं तो माणूस समजावत होता. नानांनी त्याला मध्येच थांबवलं. “अहो, कामाचं काय घेऊन बसलात? मान बघा. नेट म्हणजे पंगत.” पहिल्या पंगतीला मूळ सभासद, दुसरीला नंतर फ्लॅट घेतलेले, शेवटी भाडेकरू. गर्दी झाली की भाडेकरूंचं नेट बंद आणि पुन्हा फेटेवाले नाना: ‘पंगत भरली आहे. कृपया थांबावे.’ आम्ही मूळ सभासद, त्यामुळे आम्हाला याची फार गंमत वाटायची.

चौथ्या मजल्यावर सायली भाड्याने राहायची. तिची नोकरीची मुलाखत व्हिडिओवर होती. आदल्या दिवशी ती नानांकडे आली, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

“काका, फक्त अर्धा तास वर घ्या ना मला.”

“नियम म्हणजे नियम गं बाळ. तुला वर घेतलं तर उद्या सगळेच पाट मांडतील.”

ऐन मुलाखतीत तिच्यासमोर फेटेवाले नाना उगवले. त्या वेळी पहिल्या पंगतीतले तळमजल्यावरचे काका क्रिकेट लावून घोरत होते. सायलीची नोकरी हुकली आणि थोड्याच दिवसांत ती सोसायटी सोडून गेली. नानांवर ढिम्म परिणाम नाही. उलट शेजारच्या सोसायटीने कौतुकाने बोलावलं, तर तिथेही ते पंगती मांडून आले. फोटोसकट.

मग आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि नाना त्याच शेजारच्या सोसायटीत भाड्याने राहायला गेले.

एका रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. कॅनडातली नात नुकतीच बोलायला लागली होती आणि नाना सकाळपासून दाढी करून मोबाइलसमोर बसले होते. ती “आ… आजो…” एवढं म्हणाली आणि पडद्यावर फेटेवाले नाना हात जोडून उभे राहिले. नानांनी घाईघाईने तिथल्या सेक्रेटरीला इंटरकॉम लावला.

“फक्त अर्धा तास वर घ्या हो मला. नात बोलतेय.”

पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. “नाना, तुम्हीच शिकवलंत ना? तुम्हाला वर घेतलं तर उद्या सगळेच पाट मांडतील.”

खरं तर मला हसू यायला हवं होतं. सायलीचा चेहरा डोळ्यांसमोर होता, तरी या म्हाताऱ्यासाठी जीव तुटला. नानांनी स्वतःच्याच फोटोखालचं ‘कृपया थांबावे’ डोळे बारीक करून वाचलं.

“अक्षरं मात्र ठळक आलीयत रे,” ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.