आम्ही सगळे लियॉनचे

बेळगाव-निपाणी पट्ट्यात फ्रेंच शिकवणाऱ्यांचा एक संघ आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे किती जण? दोघं?" मला याचा भयंकर राग येतो. आम्ही चांगले डझनभर आहोत, आणि शंभर माणसं भांडतील तेवढं आम्ही डझनभर भांडतो. मेलेल्या संघात कोण कशाला भांडेल?

महिन्यातल्या एका रविवारी संकेश्वरला, हायवेवरच्या हॉटेलात आमची बैठक असते. बेळगावच्यांना आणि निपाणीच्यांना तेच मध्यावर पडतं. एक सर कोल्हापूरहून येतात. सीमेवर वातावरण तापलं की बस कोगनोळीलाच थांबतात. मग हे सर नाका पायी ओलांडतात, अलीकडून दुसरी गाडी धरतात आणि उशीर झाला म्हणून सगळ्यांना चहा पाजतात. अध्यक्ष खानापूर तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरातले, आता रिटायर झालेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सेक्रेटरी आहेत आक्का. त्या घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी आणि रागावल्या की फ्रेंच. राहिले मी. मी निपाणीची, आईनं विड्या वळून मला शिकवलं. नोकरी बेळगावच्या शाळेत, पण शनिवारी संध्याकाळी आईकडे पळते. फ्रेंच म्हणजे नेमकं काय हे आईला अजून उमगलेलं नाही, तरी "लेक परदेशी भाषेची मास्तरीण हाय" असं ती गल्लीभर सांगून आलेली आहे.

रविवारी सकाळी आईच्या सोप्यात मी चार-सहा जणांना शिकवते. त्यात एक नर्स होती. निपाणीतल्याच एका दवाखान्यात नोकरी, घरात सासूबाई, पदरात लहान पोर, नवरा ट्रकवर. कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात नर्सांना काम मिळतं हे तिनं कुठंतरी ऐकलं आणि हट्टानं शिकायला लागली. पण त्यासाठी परीक्षेचं सर्टिफिकेट लागतं, आणि परीक्षा एक तर पुण्याला नाहीतर बेंगळूरला. पहिल्या खेपेला ऐन निघताना पोराला ताप भरला. दुसऱ्या खेपेला सासूबाई न्हाणीत घसरल्या. त्यानंतरच्या रविवारी ती आली ती पुस्तकं पिशवीत भरूनच.

"मॅडम, बेळगावात सेंटर झालं तर परीक्षा देते. सकाळी जाईन, रातपाळीला हजर. न्हायतर ही पुस्तकं तुमच्याकडंच ठेवा. कपाटात दिसली की जीव जळतो नुसता."

पुस्तकं मी घेतली नाहीत. पिशवी तिच्या खांद्याला परत अडकवली आणि पुढच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं, की बेळगावला परीक्षा केंद्र झालंच पाहिजे. आश्चर्य म्हणजे कुणीच भांडलं नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडं अर्ज गेला. काही महिन्यांनी उत्तर आलं की एक परीक्षक बाई येतील, तुमच्या विद्यार्थ्यांना बोलतं करून बघतील आणि मग ठरवतील.

इथंच आमचं चुकलं. आमच्या संघाची जुनी रीत अशी, की तोंडी परीक्षेला विषय कुठलाही असो, आदर्श उत्तर संघानं मिळून तयार करायचं आणि ते सगळ्यांनी पाठ करायचं. विषय होता 'मी कुठे राहतो'. अण्णांनी हॉटेलवाल्याकडून मेनूचा फळा मागून घेतला, त्यावरचं 'आजचे स्पेशल' पुसलं आणि पहिलं वाक्य लिहिलं, मी बेळगावात राहतो.

"कुठल्या राज्यात ते लिहा की," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"कशाला? गाव सांगितलं की बास," दुसऱ्या कोपऱ्यातून.

झालं! अर्धा तास त्यातच गेला. मग गावातल्या पुतळ्यावर आले. एक म्हणाले, शिवाजी महाराजांचा लिहा. दुसरे म्हणाले, मग राणी चन्नम्मांचा का नको? अण्णा म्हणाले, आमच्या नंदगडला इंग्रजांशी लढलेला रायण्णा फासावर गेला, त्याला तुम्ही विसरलातच. मग भाषेवर आले. लोक मराठी बोलतात, कन्नड बोलतात, यातलं आधी कुठलं लिहायचं? आक्कांचं फ्रेंच सुरू झालं. शेवटी मी म्हटलं, निदान कुंदा तरी लिहा, गोड गोष्टीवर कोण भांडणार? तर निपाणीचे सर उसळले, "दरवेळी बेळगावचाच उदो उदो! आमचं निपाणी काय ओस पडलंय व्हय?"

वेटर दोनदा बिल ठेवून गेला. तेव्हा आक्कांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "अहो, पोरांना फ्रान्सलाच ठेवा की. लियॉनला राहतो म्हणू देत. तिथलं कोण भांडायला येतंय?"

काय सांगू, सगळ्यांचे चेहरे उजळले! लियॉनवर कुणाचाच दावा नव्हता. पटापट वाक्यं सुचायला लागली. मी लियॉनला राहतो, माझे वडील बेकरी चालवतात, आमच्या गावाला दोन नद्या आहेत, रविवारी आम्ही नदीकाठी फिरायला जातो. कोल्हापूरच्या सरांनी एक कुत्रापण घातला. आमच्या संघाचा तो पहिला एकमताचा ठराव. वेटरलासुद्धा टिप मिळाली.

परीक्षक बाई आल्या त्या पुदुच्चेरीच्या निघाल्या. सुती साडी, केसात मोगरा आणि फ्रेंच असं अस्खलित की मी जागच्या जागी हरखून गेले. आमच्याच शाळेतला एक वर्ग झाडून-पुसून तयार ठेवला होता. मागच्या बाकावर संघ बसला, पुढं टेबलाशी बाई, आणि एकेक विद्यार्थी आत येणार.

पहिला आला. मी लियॉनला राहतो. बाईंनी कौतुकानं मान हलवली. त्यांना वाटलं असेल, खरंच राहत असेल बापडा, सुट्टीला आला असेल. दुसरी आली, बेळगावजवळच्या मच्छे गावची मुलगी, वडील तिथल्या कारखान्यात. मी लियॉनला राहते, माझे वडील बेकरी चालवतात. बाईंनी भुवई उंचावली. तिसरा आला आणि त्यानं दोन्ही नद्या, बेकरी आणि कुत्रा एका दमात बाहेर काढला. बाईंनी विचारलं, "कुत्रा काय खातो?" हे पाठांतरात नव्हतं. पोरगा आमच्याकडं बघायला लागला आणि आम्ही बाराही जण छताकडं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शांतपणे आमच्याकडं वळून म्हणाल्या, "मी एवढ्या लांबून आले. या तुमच्या गावात कुणीच राहत नाही का?"

आईशप्पथ, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अण्णांनी गडबडीनं चहाची सुट्टी जाहीर केली.

व्हरांड्यात माझा तोल सुटला. "बघितलंत? कुणाला राग येऊ नये म्हणून एकेक पुसत गेलो आणि शेवटी आपणच पुसलो गेलो! आता ज्याचं तोंड त्याचं उत्तर. संघानं मधे पडायचं न्हाय."

"आयत्या वेळी बदल नको," अण्णा म्हणाले. "पोरं बावरतील. आणि पुतळ्याचं कुणी काढलं म्हणजे?"

"काढू दे की! आपले पुतळे काय कागदाचे आहेत?"

पुढचा नंबर नर्सचा होता. ती खांबाला टेकून सगळं ऐकत होती, पदराच्या टोकाचा पार बोळा झालेला. म्हणाली, "मॅडम, मला लियॉनच येतंय. दुसरं काय बोलू? माझ्या घरात सांगण्यासारखं हाय तरी काय?"

"दिवसभर वॉर्डात कुणाशी बोलतीस?"

"पेशंटाशी."

"मग तेच बोल. चुकलं तर चुकलं. कुठला शब्द अडला तर हातानं दाखव, पण लियॉनला जाऊ नकोस बाई, हात जोडते."

ती आत गेली. मी मागच्या बाकावर बसले ती देवालयात बसावं तशी, आणि मी तर देव मानत नाही. बाईंनी विचारलं, कुठे राहता? तिच्या तोंडून सवयीनं 'लि' आलं. ती थांबली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"नाही," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "निपाणी."

मग सुरू झाली. क्रियापदं लंगडत होती, पण ती काही थांबली नाही. म्हणाली, मी नर्स आहे. माझ्या वॉर्डात पहिल्या खाटेवर एक आजी, त्यांना मराठी येते. दुसऱ्या खाटेवर चिकोडीकडचे शेतकरी, त्यांना कन्नड. तिसऱ्या खाटेवर एक मावशी, त्या उर्दू बोलतात. मी तिघांनाही सकाळी एकच विचारते. आणि तिनं ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. "कुठं दुखतंय? एल्ली नोवु ऐती? किधर दुखता?" मग बाईंच्या डोळ्यांत बघत, "ऊ आव्हे-व्हू माल?"

बाई पुढं झुकल्या. "आधी कुणाला विचारता?"

मागच्या बाकावर बाराही जणांनी श्वास रोखला. याच प्रश्नावर आमचा अख्खा रविवार गेला होता! मराठी आधी की कन्नड आधी?

नर्स जराही अडखळली नाही. म्हणाली, "जो जास्त ओरडतो त्याला."

बाई अशा हसल्या की मोगऱ्याचा गजरा निसटून खांद्यावर आला. आक्का हसल्या, अण्णा हसले, आणि मी हसता हसता रडायला लागले. त्यानंतरचे सगळे विद्यार्थी आपापल्या गावचे निघाले. एकानं किल्ला सांगितला, एकीनं चन्नम्मा, एकानं गल्लीतला गणपती. कुणीही भांडलं नाही. मच्छ्याच्या मुलीनं तर हट्टानं परत आत जाऊन सांगितलं, की माझ्या वडिलांची बेकरी नाही, ते मशीनवर काम करतात.

केंद्र मिळालं. ग्रुपवर बातमी पडली तेव्हा मी वर्गात होते. मुलांना वाचायला लावलं आणि खिडकीशी जाऊन पाचवेळा ती ओळ वाचली. त्या रविवारी संकेश्वरला आम्ही कुंदा वाटला, निपाणीच्या सरांनी दोनदा घेतला. आणि मग, खोटं नाही सांगत, अण्णांनी फळा मागवला. वर लिहिलं, आदर्श उत्तर. खाली लिहिलं, मी निपाणीत नर्स आहे, माझ्या वॉर्डात तीन खाटा आहेत.

"अण्णा!" मी आणि आक्का एकदमच ओरडलो. खडू मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!

परीक्षेच्या दिवशी नर्सच्या सासूबाई नातवाला काखेला मारून शाळेच्या फाटकाशी बसून होत्या, भाकरी बांधूनच आल्या होत्या. दुपार कलली तशी ती बाहेर आली, पोराला घेतलं आणि उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. कसा गेला पेपर विचारायला तिनं मला सवडच दिली नाही. "मॅडम, निपाणीची गाडी लागलीय, रातपाळी चुकंल," म्हणाली आणि पळाली. ती बसच्या पायरीवर चढताना बघून मला वाटलं, निम्मं तर आपण आत्ताच जिंकलं.

उरलेलं निकालाच्या दिवशी जिंकलो. यादी मी आधी बघितली आणि लगेच तिला फोन लावला. ती ड्युटीवर होती.

"पास झालीस गं! चांगल्या मार्कांनी पास झालीस!"

पलीकडून हुंदका ऐकू आला. सुचलं तेच विचारलं, "ऊ आव्हे-व्हू माल?"

ती रडता रडता हसली. "न्यूल पार, मॅडम. कुठ्ठंच न्हाय." तेवढ्यात मागून कुणीतरी जोरात हाका मारायला लागलं. "ठेवते मॅडम, तीन नंबर ओरडायला लागल्यात," म्हणाली आणि फोन ठेवला.