देवपूरची हळदगाणी

सुलक्षणा एकदा बोलून बसली की माघार नाही. धुळ्यात देवपूरला ती कॉम्प्युटरचे क्लास घेते. सासूबाईंना, ताईबाईंना, तिने शब्द दिला होता, "आई, तुमची गाणी मी जगभर पोचवते." ताईबाई अहिराणीत हळदीची गाणी म्हणायच्या, आणि आवाज काय खणखणीत! पण लग्नांत डीजे आला नि त्यांना बोलावणं येईना.

सुलक्षणाने गाणी रेकॉर्ड केली, वेबसाइट काढली, हौसेने झोकदार मथळे दिले: हळदगीतमाला, मांडवगीतसंग्रह. महिने गेले, चिटपाखरू फिरकलं नाही!

"मनं गाणं आते कोन ऐकस?" म्हणून ताईबाईंनी घरातलं गुणगुणणंही सोडलं. सुलक्षणाच्या जिवाला ते फार लागलं.

मग तिने स्वतःच फोनवर हळदीचं गाणं शोधून पाहिलं. हळद पावडर आली, फेसपॅक आला, ताईबाई कुठेच नाहीत. अगं बाई! लोक शोधणार हळद, गाणं, मांडव. आणि हिने सगळं एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवलेलं. सर्च इंजिनला तो अख्खा एकच शब्द वाटायचा, आतली हळद त्याला दिसणार कशी?

"वा रे वा, कॉम्प्युटरच्या बाई!" नवरा प्रेमराज हसला.

"हसा, हसा," म्हणत तिने कंबर कसली. मथळे तसेच ठेवले, पण प्रत्येक गाण्याखाली सुट्या शब्दांत लिहिलं: हळद, हळदीचं गाणं, मांडव, नवरी, अहिराणी. एकही गाणं सोडलं नाही.

लग्नसराईत एका सकाळी वेबसाइटवरचा नंबर बघून सुरतेहून अनोळखी बाईचा फोन आला. "ताईबाई शेतस का? त्यास्नं गाणं सापडनं! आठे सुरतमा नवरी पाटवर बशेल शे!" अडचण एवढीच, की हळदीच्या गाण्यात नवरीच्या माणसांची नावं घालायची असतात. रेकॉर्डिंगमध्ये होती प्रेमराजच्या घरची. सुरतेच्या बायकांना आपली नावं चालीत बसवता येईनात.

सुलक्षणाने स्पीकर लावून फोन सासूबाईंपुढे धरला. आता नाही म्हणाल्या तर सगळंच संपलं!

"मामानं नाव काय शे?" ताईबाईंनी विचारलं.

"जीवराम!"

"आनि भाऊनं?"

"भिकन!"

ताईबाईंनी पदर खोचला नि सूर लावला. चालीत जीवराम मामा बसला, भिकन भाऊ बसला, पलीकडे बायका दबक्या आवाजात मागोमाग म्हणू लागल्या. सुलक्षणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू.

मध्येच ताईबाई थांबल्या आणि फोनवर कडाडल्या, "हाई काय म्हननं शे? बठ्ठ्याजनी जोरमा म्हना!"