बहात्तर तास आणि शोभाताई

आमच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्राच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी, समुपदेशक. दुसरीत रक्त घेणाऱ्या शोभाताई, लॅब टेक्निशियन. मधे प्लायवूड. इथलं बाहेर बोलायचं नाही हा पहिला नियम, त्यामुळे बारा वर्षांत किस्से नुसते साठत गेलेत. आज नावं-गावं काढून थोडे सांगतो. शोभाताईंचं नाव मात्र ठेवणार आहे, कारण त्यांच्यावर माझा जुना राग आहे.

आमच्याकडे येतो तो घाबरलेला माणूस. परवा असं असं झालं, आता गोळ्या लागतील का? या गोळ्या लागण होऊ नये म्हणून असतात. बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या आणि अठ्ठावीस दिवस रोज घ्यायच्या. लागतात की नाही, हे नेमकं काय घडलं त्यावर ठरतं. ते मी विचारून घ्यायचं, मग डॉक्टर ठरवणार. आणि नेमकं काय घडलं ते लोक मला सांगतच नाहीत. शोभाताईंना सांगतात!

*

एक गुरुजी आले. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. घडलं काय होतं, तर फक्त चुंबन. मी अर्धा तास समजावलं, की यात धोका नाही, गोळ्या नकोत. त्यांना पटलं. मग म्हणाले, लेखी द्या.

दिलं. 'औषधाची गरज नाही.' कागद उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "शिक्का?"

शिक्का शोभाताईंच्या ड्रॉवरमध्ये असतो. गुरुजी तिकडे गेले, शिक्का उठवून घेतला आणि ताईंना वाकून नमस्कार करून निघाले. समजावलं मी, नमस्कार त्यांना.

*

दोन दोस्त एकाच मोटरसायकलवरून आले. गेले होते एकाच लॉजवर, पण एकाचा निरोध फाटला आणि दुसऱ्याचा शेवटपर्यंत शाबूत राहिला. डॉक्टरांनी पहिल्याला गोळ्या लिहिल्या, दुसऱ्याला गरज नाही म्हणाले. दुसरा माझ्यासमोर येऊन बसला तो हलेचना.

"त्येचा मामा पंचायत समितीत हाय म्हणून त्येला व्हय?"

मी म्हटलं, अरे, हे औषध आहे, खताचं पोतं नाही. पटेना. सरकारी वस्तू फुकट मिळतेय आणि दोस्ताला मिळून आपल्याला नाही, हे त्याला सहन होत नव्हतं. शेवटी तो पलीकडे गेला. शोभाताई त्याला म्हणाल्या, "तुला न्हाई दिल्या म्हंजे तू सुटलास. पेढे वाट."

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या खरंच पेढे घेऊन आला. शोभाताईंसाठी! मला अर्धा मिळाला, तोही त्यांच्याच हातून.

*

एका ट्रॅक्टरवाल्यानं मला छातीठोकपणे सांगितलं की निरोध वापरला होता. मी तसं लिहूनही टाकलं. पाच मिनिटांनी प्लायवूडपलीकडून त्याचाच आवाज आला. "ताई, निरोध-बिरोध काय नव्हता. त्या सायबाला कसं सांगायचं? ते लगीच लिवत बसतंय."

एमएसडब्ल्यू मी केलंय. ट्रेनिंगं मी केलीत. अंगाची नुसती आग झाली. आठ दिवस मी प्लायवूडला कान लावून ताईंची पद्धत शिकलो. पद्धत अशी काही नव्हतीच. त्या दंडाला रबर बांधायच्या आणि विचारायच्या, "ऊस गेला का?" की माणूस बोलायला लागायचा.

पुढच्या पेशंटला मीही पेन खाली ठेवून विचारलं, ऊस गेला का? त्यानं चाळीस मिनिटं ऊसच सांगितला. टोळी आली नाही, कारखान्याची चिट्ठी नाही, शेताला रस्ता नाही. मग मन हलकं झालं म्हणत उठला आणि चालू लागला. गेटवरून त्याला परत आणलं ते शोभाताईंनीच.

*

पेशंटची नावं न घेता ही कुरकुर मी घरी जेवतानाही करायचो. गेल्या हिवाळ्यात फौजेतला धाकटा भाऊ सुट्टीवर आला होता, तोही ऐकायचा. खरं काय ते लोक शोभाताईंनाच सांगतात, मी काय फक्त फॉर्म भरायला बसलोय का, असं बोललो एकदा. तो हसून म्हणाला, "दादा, जळतुयास व्हय?"

जळतो, म्हटलं.

बुधवारी मी ऊसतोड कामगारांच्या तळावर जातो, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या सुट्टीतल्या एका बुधवारी जीप आली नाही म्हणून केंद्रातच होतो. अकराच्या सुमाराला बाहेर बघितलं तर भाऊ उभा. साप चावल्यावर काय करावं याचं पोस्टर वाचत होता. मला बघितलं आणि चेहरा पडला.

म्हणाला, "डबा द्यायला आलतो." हातात डबा नव्हता.

रविवारी तो मित्राच्या लग्नाला म्हणून पुण्याला गेला होता. परत आल्यापासून जेवत नव्हता. आम्हाला वाटलं, सुट्टी संपत आली म्हणून. मी मनातल्या मनात तास मोजले. संध्याकाळपर्यंत बहात्तर पुरे होणार होते.

अरे, सख्खा भाऊ इथं बसलाय, बारा वर्षं हेच काम करतोय, माझ्यासमोर बस की! तोंडापर्यंत आलं होतं. शोभाताईंवर मी तेव्हा जळलो तितका जन्मात कुणावर जळलो नव्हतो. पण हाक मारली असती तर तो गेटबाहेर पडला असता, आणि पुन्हा आला नसता.

"बरं झालं भेटलास," मी म्हटलं. "मी तळावर चाललोय. यायला चार वाजतील."

पिशवी उचलली आणि एसटी स्टँडवर जाऊन बसलो. चारपर्यंत तिथंच होतो.

परत आलो तेव्हा बाहेरचं बाकडं रिकामं होतं. शोभाताई नळ्यांना लेबलं लावत होत्या. मी पिशवी ठेवली, पाणी प्यालो, आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, "गोळ्या लागल्या का?"

ताईंनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

"कुणाला, सर?"